प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचं वर्ष: वंचित तरुणांच्या रोजगार आणि उद्योजकता प्रशिक्षणाबद्दल सल्ला हवा आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा एक छोटा गट आहे. १८ वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडावं लागलेली मुलं, शाळा अर्धवट सुटलेली मुलं, घरातली पहिलीच पगारी नोकरी शोधणाऱ्या मुली असे तरुण आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी सहा महिन्यांचं रोजगार आणि उद्योजकता प्रशिक्षण सुरू करायचं ठरलं आहे. जागा आहे, शिकवणारे मिळतील, देणगीदारही तयार आहेत. देणगीदारांनी विचारलेला प्रश्न एकच: वर्षाला किती जणांना प्रमाणपत्र देणार?

हा प्रश्न मला पहिल्यापासून खटकतो आहे. प्रमाणपत्र हातात पडलं की मुलगा आमच्या अहवालात यशस्वी ठरतो, आणि त्याची खरी परीक्षा नेमकी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. नोकरी लगेच लागली तरी पहिला पगार महिन्याने येणार. तोवर खोलीचं भाडं, जायचं-यायचं भाडं, दोन वेळचं जेवण हे सगळं कुठून आणायचं? ज्याच्या पाठीशी घर आहे तो हा महिना आईवडिलांच्या आधारावर काढतो. आमच्या मुलांना तो आधारच नाही. मग पोरगं चांगल्या नोकरीची वाट न पाहता संध्याकाळी रोख पैसे देणाऱ्या पहिल्या कामाला लागतं, आणि सहा महिन्यांत शिकलेलं तिथेच थांबतं.

हा प्रश्न केवळ आमच्या गटापुरता नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगातले २०.४ टक्के तरुण शिक्षणातही नव्हते, नोकरीतही नव्हते आणि प्रशिक्षणातही नव्हते. त्यातल्या दर तिघांत दोन मुली.

मला दोन गोष्टींवर तुमचं मत हवं आहे. हाती असलेल्या पैशातला किती वर्गावर खर्च करावा आणि किती वर्ग संपल्यानंतरच्या काळावर? आणि उद्योजकता सगळ्यांनाच शिकवावी का?

पानापक्कड

ताई, माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शिकाऊ पोरं घेत असतो, म्हणून कामावर घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

कोर्स करून आलेल्या पोराला मी कागद मागत नाही, जुनं गेट पुढ्यात ठेवतो. वर्गात त्याने नव्या कोऱ्या, जाड पट्ट्या जोडलेल्या असतात, त्याही टेबलावर सपाट ठेवून. माझ्याकडे येतं ते गंजलेलं, चार वेळा रंग फासलेलं, बिजागरीपाशी तुटलेलं गेट. पोरगा थेट वेल्डिंगचा रॉड टेकवतो. रंग जळून धूर होतो, आर्क (जोडणारी ठिणगी) धरत नाही. मग तो करंट वाढवतो. गंजाने पत्रा आधीच पातळ झालेला, त्याला भोक पडतं. भोक बुजवायला आणखी रॉड लावतो, भोक आणखी मोठं होतं. घाम फुटतो बिचाऱ्याला. माझा जुना मिस्त्री आधी ग्राइंडर मारून रंग आणि गंज काढतो, लोखंड चकचकीत करून घेतो. मग करंट उतरवतो आणि एका दमात न ओढता थोडे थोडे टाके देत जातो, मधे गार होऊ देतो. एवढंच. हुशार पोरगा हे दोन दिवसांत उचलतो. पण वर्गात गंजलेलं गेट येतच नाही, तर तो शिकणार कुठून?

म्हणून माझा आग्रह असा की सहापैकी निदान तीन महिने खऱ्या कामाच्या जागी द्या. जर्मनीत हे कायद्याने चालतं, १९६९ चा व्यावसायिक शिक्षण कायदा आहे त्यांचा. शिकाऊ मुलगा आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यवसायशाळेत असतो, कंपनी त्याला भत्ता देते. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शेवटची परीक्षा ज्या कंपनीत शिकला ती घेत नाही, उद्योग-व्यापाराची आणि कारागिरांची जी मंडळं आहेत ती घेतात. त्यामुळे तो कागद दुसऱ्या मालकाकडेही चालतो.

मुद्द्याचं

पानापक्कड, तुम्ही चांगले मालक असाल, पण सगळे तसे नसतात. शिकाऊ या नावाखाली वर्षभर झाडू मारायला आणि चहा आणायला लावणारे मालक मी पाहिलेत. एका ठिकाणी मी स्वतः असा राबलो आहे, नाव घेत नाही. हातात मशीन कधी दिलंच नाही, कारण शिकलो की सोडून जाईन अशी त्यांना भीती.

उंबरठा ताई, तोंडी बोलण्यावर एकही मूल कुठे पाठवू नका. कोणत्या महिन्यात काय शिकवणार, भत्ता किती आणि कधी, कामाचे तास, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे सगळं लेखी हवं. आणि तुमच्या गटातलं कोणीतरी न सांगता जाऊन बघणारं हवं.

पानापक्कड

मुद्द्याचं, शंभर टक्के मान्य. माझ्याकडे प्रत्येक शिकाऊची एक वही असते. आठवड्यात कोणतं काम केलं, कोणत्या मशीनवर केलं, त्याने लिहायचं आणि मिस्त्रीने सही करायची. दोन आठवडे सलग 'साफसफाई' लिहिलेलं दिसलं की मिस्त्रीला जाब विचारतो.

आकडेमोड

वाचतोय. रात्री सविस्तर लिहितो, या विषयावर बरंच वाचन झालं आहे.

सुईदोरा

मी शिवणकाम शिकवते. उद्योजकतेच्या प्रश्नावर बोलते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, हात इतका साफ की तिच्या शिलाईला मी कधी नाव ठेवू शकले नाही. ब्लाउज शिवून विकायला लागली आणि थोड्याच महिन्यांत म्हणाली, बाई, गिऱ्हाईक भरपूर आहे पण पैसा उरत नाही. तिची वही मागवली. अस्तर, धागा, हुक, मशीनचं तेल, विजेचं बिल, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. खर्चाची बेरीज करून त्यावर थोडं चढवून ती दर सांगत होती. तिच्या स्वतःच्या मजुरीचा रकाना वहीत नव्हताच! एका ब्लाउजला माप घेण्यापासून काजं-बटणांपर्यंत किती तास गेले, दुरुस्तीसाठी परत आला तर आणखी किती, याची कुठे नोंद नाही. मी तिला विचारलं, हेच काम तू दुसऱ्याच्या दुकानात जाऊन केलं असतंस तर तासाला किती घेतलं असतंस? ती गप्प झाली. मग तिने स्वतःच दर बदलले. काही गिऱ्हाइकं तुटली, पण जी राहिली त्यांच्यात पैसा उरायला लागला.

मला सारखं जाणवतं की गरिबीत वाढलेल्या मुलींना आपल्या वेळेची किंमत मागायची सवयच नसते. घरात त्यांचं सगळं काम फुकटच धरलेलं असतं ना. म्हणून उद्योजकतेचा तास 'व्यवसाय म्हणजे काय' अशा व्याख्यांनी सुरू करू नका. पहिल्याच दिवशी मजुरी मांडायला शिकवा.

आणि लहान मूल असलेल्या मुलींचा विचार आधी करा. मूल सांभाळायची सोय नसेल तर त्या पहिल्या पंधरवड्यातच गळतात आणि आपण हजेरीपटावर 'अनियमित' असा शेरा मारून मोकळे होतो.

आकडेमोड

सुईदोरा ताईंच्या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याला मोठा पुरावा आहे.

कोलंबियात २००१ ते २००५ या काळात गरीब घरांतल्या शहरी तरुणांसाठी 'होवेनेस एन अक्सिओन' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनीत प्रत्यक्ष काम. शिकणाऱ्याला रोजचा भत्ता मिळायचा, आणि सात वर्षांखालचं मूल असलेल्या बाईला तो वाढवून दिला जायचा. अर्ज जास्त आले तिथे सोडत काढून प्रवेश दिले, त्यामुळे निवडलेल्या आणि न निवडलेल्या तरुणांची तुलना नीट करता आली. मुलींच्या कमाईत सुमारे २० टक्के वाढ दिसली. मुलांमध्ये मात्र फारसा फरक नव्हता.

आता कडू बातमी. डेव्हिड मॅकेन्झी या अर्थतज्ज्ञाने विकसनशील देशांतल्या अशा प्रयोगांचा २०१७ मध्ये आढावा घेतला. निष्कर्ष असा की शंभर जणांना व्यावसायिक प्रशिक्षण देऊ केलं तर, एरवी मिळाली नसती अशी नोकरी मिळणारे तिघांहूनही कमी निघतात. शंभरात तीनही नाहीत! बाकीच्यांपैकी काहींना ती नोकरी प्रशिक्षणाशिवायही मिळालीच असती, काहींना प्रशिक्षणानंतरही मिळाली नाही. उंबरठा ताई, देणगीदारांसमोर हा आकडा जरूर ठेवा. 'आमच्या ८० टक्के मुलांना नोकरी लागली' असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारायचा की प्रशिक्षण नसतं तर किती जणांना लागली असती.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी असा मी काढत नाही. पानापक्कड यांनी कागदाचा जो मुद्दा काढला त्याच्याशी जुळणारा एक प्रयोग युगांडात झाला. काही तरुणांना सहा महिने व्यवसायशाळेत शिकवलं, काहींना सहा महिने थेट कंपनीत. दोन्ही गटांची कमाई वाढली. कंपनीत शिकलेले पटकन कामाला लागले. पण पुढच्या वर्षांत व्यवसायशाळेवाले सरस ठरले, कारण त्यांच्याकडे कुठेही दाखवता येईल असं प्रमाणपत्र होतं. एक नोकरी गेली तरी त्यांना दुसरी मिळवता येत होती. कंपनीत शिकलेल्याचं कौशल्य फक्त त्याच्या मालकाला ठाऊक होतं. म्हणजे कामाची जागा हवीच, पण तिथे जे शिकलं ते तिसऱ्या माणसाला पटेल अशा रीतीने सिद्धही झालं पाहिजे.

हिरवा_कंदील

मी नोकरभरतीचं काम करते. आकडेमोड दादा म्हणतात ते आमच्या टेबलावर रोज दिसतं. अर्जावर 'सहा महिन्यांचा कोर्स' एवढंच असेल तर मला त्या मुलीबद्दल काहीच कळत नाही. तिला नेमकं काय येतं? हिशेब येतो की मशीन येतं की लोकांशी बोलता येतं? ज्याच्या मामाची ओळख आहे त्याच्याबद्दल मामा फोन करून सांगतो. बालगृहातून आलेल्या मुलीसाठी फोन करणारं कोणी नसतं.

त्यामुळे प्रत्येक मुलाची नीट चाचणी घ्या आणि निकाल एका पानावर साध्या भाषेत लिहून त्याच्या हातात द्या. 'उत्तम, मेहनती' असलं काही लिहू नका. काय जमतं, किती वेगाने जमतं, हे लिहा. शिवाय जिथे तीन महिने काम केलं त्या मालकाचं शिफारसपत्र मागून घ्यायची सवय लावा. मुलं स्वतःहून मागत नाहीत, संकोचतात.

आकडेमोड

हिरवा_कंदील ताई, तुम्ही सांगितलेला उपाय दक्षिण आफ्रिकेत 'हरंबी' या संस्थेबरोबर अगदी याच स्वरूपात तपासला गेला आहे. बेरोजगार तरुणांच्या कौशल्य चाचण्या घेतल्या आणि निकालाचं अधिकृत पत्रक त्यांना दिलं. वेगळं काही शिकवलं नाही. तेवढ्यानेही नोकरीत असणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे पाच जणांनी वाढलं आणि कमाई ३४ टक्क्यांनी वाढली. आणखी लक्षात घेण्यासारखं म्हणजे दुसऱ्या एका गटाला निकाल फक्त खाजगीत कळवला, मालकाला दाखवता येईल असं पत्रक दिलं नाही. त्यांना एवढा फायदा झाला नाही.

तिसरी_बॅच

मी इथे फार लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी अशाच एका संस्थेच्या तिसऱ्या बॅचमधला. आता एसी दुरुस्तीचं काम करतो.

शिकवलेलं सगळं कामाला आलं, मी संस्थेचा ऋणी आहे. पण अडचणी कुठे आल्या ते सांगतो, तुम्हाला उपयोग होईल.

पहिली अडचण कागदपत्रांची. नोकरी मिळाली आणि पत्त्याचा पुरावा मागितला. बालगृहाचा पत्ता आता चालत नव्हता, खोलीमालक भाडेकरार करून देत नव्हता. पत्ता नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून पगार अडकला. हे सगळं वर्ग चालू असतानाच पुरं करून घेता आलं असतं. संस्थेचा माणूस बरोबर असला की खिडकीवरचा कारकून वेगळं बोलतो.

दुसरी अडचण पहिल्या महिन्याची. ताईंनी लिहिलंय ते खरं आहे. माझ्याबरोबरचे दोघं पगार व्हायच्या आत काम सोडून गेले. सगळ्यांना वाटलं पोरं कामचुकार. त्यांच्याकडे रोजच्या बसला पैसे नव्हते आणि तसं सांगायची लाज वाटत होती.

तिसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. साहेब ओरडला की आमच्यातले बरेच जण दुसऱ्या दिवशी जातच नाहीत. लहानपणापासून ओरडण्यानंतर मार बसतो एवढंच माहीत असतं. कामावर साहेब ओरडतो आणि दहा मिनिटांनी विसरतोही, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. वर्गात सूट-बूट कसा घालावा, हस्तांदोलन कसं करावं हे शिकवलं. साहेब चिडला तर काय करायचं, सुट्टी कशी मागायची, चूक झाली तर कोणाला आणि कशी सांगायची, हे शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

सुईदोरा

तिसरी_बॅच, बाळा, फार मोलाचं लिहिलंस. आणखी लिही, संकोच करू नकोस.

उंबरठा

तिसरी_बॅच दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवला. कागदपत्रांचं काम पहिल्या महिन्यातच सुरू करायचं, हे तिथल्या तिथे ठरलं. साहेब ओरडण्याचा प्रसंग मुलांकडून करवून घेता येईल, एकाने साहेब व्हायचं. तो तास घ्यायला तुम्हीच याल का? मानधन देऊ. खाजगी निरोप पाठवते.

रोजकीर्द

उद्योजकतेच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघतो.

अशा मुलांना दुहेरी नोंद, ताळेबंद, घसारा असलं काही शिकवायला जाऊ नका. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला फक्त सोपे ठोकताळे. धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात. स्वतःला ठरलेला पगार घ्यायचा, मधेच गल्ल्यात हात घालायचा नाही. घातला तर चिठ्ठी लिहून टाकायची. रीतसर शिकलेल्यांच्या वागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, ठोकताळेवाल्यांचे हिशेब सुधारले. माझा रोजचा अनुभव हेच सांगतो. दोन डबे शिकवा, एक धंद्याच्या पैशाचा आणि एक घरच्या, बाकीचं मागाहून येईल.

छोटा धंदा बहुतेक वेळा तोट्याने बुडत नाही, उधारीने बुडतो. माल रोखीने आणलेला, विकला उधारीवर, वहीत नफा दिसतोय आणि उद्या माल आणायला हातात दमडी नाही. आपल्या मुलांना उधारी नाकारणं आणखी जड जातं, कारण गिऱ्हाईक ओळखीचंच असतं आणि कधीतरी त्यानेच मदत केलेली असते. नाही म्हणायचा सराव करून घ्या, अगदी तोंडाने वाक्य म्हणायला लावून. "दादा, आज रोख असेल तर करतो, नाहीतर उद्या घेऊन जा."

मुद्द्याचं

मूळ प्रश्न बाजूलाच राहतोय. सगळ्यांना उद्योजक करायचं हे खूळ कशासाठी? नोकऱ्या निर्माण करता येत नाहीत म्हणून जबाबदारी तरुणांच्या गळ्यात मारायची, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ज्याच्याकडे महिन्याचं भाडं नाही त्याला 'जोखीम घे' म्हणणं क्रूरपणा आहे. धंदा बुडाला तर मध्यमवर्गीय पोरगा घरी परत जातो. हा कुठे जाणार?

आणि नोकरीच्या बाजूनेही एक शंका. जागा तेवढ्याच असतील तर तुमच्या मुलाला मिळालेली नोकरी दुसऱ्या गरीब मुलाची गेलेली असते. फ्रान्समध्ये तरुण बेरोजगारांना नोकरी शोधायला मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला होता, त्याचा २०१३ चा निष्कर्ष असाच होता ना? काहींचा फायदा झाला तो बऱ्याच अंशी मदत न मिळालेल्यांच्या जिवावर.

आकडेमोड

हो, फ्रान्सचा निष्कर्ष तुम्ही बरोबर सांगितलात. नोकरी शोधून देणाऱ्या मदतीत हा धोका असतोच. म्हणून माझा कल अशा कौशल्यांकडे आहे ज्यांची बाजारात खरोखर टंचाई आहे. तिथे कोणाची जागा हिसकावली जात नाही, अडलेलं काम सुरू होतं.

स्वयंरोजगाराबद्दल मात्र मी तुमच्याइतका निराश नाही. उत्तर युगांडात २००८ च्या सुमारास सरकारने तरुणांच्या गटांना, त्यांनीच लिहिलेल्या योजनेनुसार, व्यवसाय शिकायला आणि हत्यारं घ्यायला पैसे दिले. माणशी सरासरी ३८२ डॉलर, वर कोणाची देखरेख नाही. तिथे दीर्घकाळ यादवी युद्ध झालेलं. लोकांना वाटलं पैसे उडवतील. त्यांनी शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग, केशकर्तन असले व्यवसाय धरले. चार वर्षांनी त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी बाकीचे तरुणही हळूहळू त्यांच्या बरोबरीला आले, हेही सांगायला हवं. तरी मधली वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? विशीतला माणूस चार-पाच वर्षं लवकर पायावर उभा राहिला तर त्याच्या मुलांचं बालपण बदलतं.

कारखान्यातली नोकरी म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही नाही. इथिओपियात तरुणांना एकतर कारखान्यात नोकरी दिली किंवा ३०० डॉलर आणि थोडं व्यवसाय प्रशिक्षण. कारखान्यात लागलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी वर्षभरात ती नोकरी सोडली, तब्येतीच्या तक्रारी वाढल्या. पैसे मिळालेल्यांची कमाई वर्षाने सुमारे एक तृतीयांश वाढलेली होती. पाच वर्षांनी मात्र दोन्ही गट आणि काहीच न मिळालेले जवळपास सारख्याच पातळीवर होते.

'जोखीम' हा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो. म्हणून कर्ज नको. पहिलं भांडवल अनुदान किंवा हत्यारं या स्वरूपात द्यावं. पहिल्याच वर्षी हप्ता डोक्यावर असलेला तरुण धंदा शिकत नाही, हप्ता फेडत राहतो.

रोजकीर्द

कर्जाबाबत थोडा मतभेद. कायमचं अनुदान मिळत राहील अशी सवय लागू नये. पहिलं भांडवल अनुदान, दुसऱ्या वर्षी खेळत्या भांडवलासाठी छोटं कर्ज, तेही बँकेत नियमित व्यवहार दिसल्यावर. बँकेत पत तयार होणं हीसुद्धा या मुलांची गरज आहे, नाहीतर ती आयुष्यभर सावकाराच्या दारात राहतील.

पानापक्कड

दोघांचंही बरोबर आहे. मी एवढंच म्हणेन की धंदा काढायच्या आधी दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढा. माल कुठून घ्यायचा, कोणता दुकानदार वजनात मारतो, कोणतं गिऱ्हाईक पैसे बुडवतं, हे उमेदवारीतच कळतं.

आकडेमोड

पानापक्कड दादा, याचाही पुरावा आहे! नैरोबीच्या दांडोरा वस्तीत नव्याने धंद्यात उतरलेल्या तरुण बायकांपैकी काहींना वर्गात बसवलं आणि काहींना त्याच वस्तीतल्या अनुभवी धंदेवाल्या बाईशी जोडून दिलं. वर्गामुळे नफा वाढला नाही. जोडून दिलेल्यांचा नफा सरासरी २० टक्के वाढला, आणि मुख्य कारण तुम्ही म्हणता तेच, स्वस्त माल कुठे मिळतो ते कळलं. भेटीगाठी थांबल्या तसा फायदाही ओसरला. तेव्हा सोबत वर्षभर तरी टिकली पाहिजे. भारतातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायची पद्धत आहे. कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये ज्या नमुन्यावर हे काम सुरू झालं, त्याचंच हे पुढचं रूप.

टोगोमधला एक प्रयोगही उल्लेखनीय आहे. लोमे शहरातल्या १५०० छोट्या व्यावसायिकांपैकी एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला पुढाकार घ्यायला शिकवलं: संधी स्वतः शोधणं, दुसऱ्याची नक्कल न करणं, अडथळ्याचा आधीच विचार ठेवणं, अपयशानंतर पुन्हा उभं राहणं. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्के वाढला, पहिल्याचा जेमतेम ११, तोही योगायोग असू शकेल इतपतच. ही माणसं आधीपासून धंद्यात होती, हे ध्यानात ठेवायचं. कोऱ्या पाटीच्या मुलांवर तेवढाच परिणाम होईल असं गृहीत धरू नका.

उंबरठा

तुमच्या चर्चेनंतर आम्ही आराखडा बराच बदलला आहे. वर्ग तीन महिने, कामाच्या जागी तीन महिने, लेखी करार आणि सही केलेली वही यांसह. लहान मूल असलेल्यांना वाढीव भत्ता. नोकरी लागल्यापासून पहिला पगार होईपर्यंत प्रवास आणि भाड्याची मदत. मजुरी मांडणं आणि दोन डबे सगळ्यांना शिकवणार, कारण पगारदारालाही ते लागतं. स्वतःचा धंदा मात्र ज्याला खरंच करायचा आहे त्यानेच, आणि शक्यतो उमेदवारीनंतर. या सगळ्यासाठी विद्यार्थीसंख्या जवळपास निम्मी करावी लागली. देणगीदारांपैकी एकजण नाराज आहेत. प्रमाणपत्रांऐवजी बाराव्या महिन्यात कोण कुठे आहे हे मोजा, असं मी त्यांना सुचवलं आहे. निर्णय अजून यायचा आहे, पण संख्या वाढवायला मी तयार होणार नाही.

एक प्रश्न उरतो. वर्षभर दर महिन्याला फोन करायचा म्हटलं तर मुलं फोन उचलत नाहीत, नंबर बदलतात. तिसरी_बॅच दादा, तुम्ही सांगा, काय करावं?

तिसरी_बॅच

ताई, संस्थेचा फोन म्हणजे 'नोकरी चालू आहे का' एवढंच विचारणार, हे माहीत असतं. नोकरी सुटलेली असेल तर कोण उचलेल? लाज वाटते. फोन बॅचमधल्याच एखाद्याने करावा, त्याला त्याबद्दल थोडे पैसे द्या. त्याने पहिल्यांदा राहायला कुठे आहेस, जेवतोस का, तब्येत कशी आहे, हे विचारावं. नोकरीचं मग पोरगं स्वतःच सांगतं. आणि नोकरी सुटली असेल तर पुन्हा यायला दार उघडं आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून ठेवा. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी आठ महिने तिकडे फिरकलोच नाही.

तास घ्यायला येतो. रविवार चालेल, आमच्या कामाचा सीझन संपला की शनिवारही जमेल.

पानापक्कड

ताई, वहीच्या पानाचा नमुना मी टाइप करून इथेच टाकतो. पुढच्या बॅचमधली दोन पोरं माझ्याकडे पाठवा, एक मुलगी असली तरी चालेल. आमच्याकडे आजवर मुलगी वेल्डिंगला आलेली नाही, पण ग्राइंडर आणि होल्डर धरायला ताकदीपेक्षा हात स्थिर लागतो. बायकांसाठी वेगळी मोरी आणि कपडे बदलायची जागा मात्र आधी करून घेतो, त्याला महिना लागेल.

हिरवा_कंदील

चाचणीच्या निकालपत्रकाचा मसुदा मी करते. उंबरठा ताई, कोणकोणते व्यवसाय ठरलेत तेवढं कळवा.